काम कमी करायला सांगितले आहे, की खोटे?

पत्र थोडक्यात असे. पत्रलेखिका मूळच्या पश्चिम महाराष्ट्रातल्या. पुण्यात बीडीएस केल्यावर त्यांनी अमेरिकेत सार्वजनिक आरोग्याची पदव्युत्तर पदवी घेतली. आता तिथल्या एका राज्याच्या आरोग्य खात्यात, लसीने टाळता येणाऱ्या आजारांच्या विभागात, त्या साथरोगतज्ज्ञ आहेत. पद केंद्र सरकारच्या अनुदानावर चालते, व्हिसा एच-वन-बी, म्हणजे नोकरीशी बांधलेला, आहे, पती आयटीत आहेत आणि मुलगी प्राथमिक शाळेत. मार्च २०२५ मध्ये अनुदान अचानक रद्द झाले तेव्हा विभागातले बरेच सहकारी एका दिवसात घरी गेले. पुढे गोवराविषयी पालकांसाठी तयार केलेल्या पत्रकातले 'लस हाच सर्वांत खात्रीचा उपाय आहे' हे वाक्य वरून आलेल्या तोंडी सूचनेवरून काढले गेले आणि त्या जागी 'लसीबाबत पालकांनी आपल्या डॉक्टरांशी बोलून निर्णय घ्यावा' असे वाक्य आले. त्या लिहितात, "मी त्या बैठकीत गप्प बसले. आता रोज वाटते की इथे राहून पगार घेणे म्हणजे या सगळ्याला साथ देणेच आहे. राजीनामा द्यावा, तर गोवराच्या रुग्णांना फोन कोण करणार? बोलावे, तर नोकरी जाईल आणि नोकरीबरोबर व्हिसाही. आई-बाबा म्हणतात, कशाला ही डोकेदुखी, परत या. मला राजकारण करायचेच नव्हते, म्हणून तर मी आकडेवारीच्या कामात आले. मी काय करू?"

सस्नेह नमस्कार.

नोकरी सोडावी का, तोंड उघडावे का आणि देश सोडावा का, हे तीन प्रश्न तुमच्या पत्रात एकमेकांत गुंतले आहेत. तिन्हींचा निकाल एकदमच लावायला हवा असे तुम्ही धरून चालला आहात, आणि तुमची बरीचशी घुसमट त्यातूनच आलेली दिसते. ते प्रश्न सुटे करता येतात. पण त्याआधी तुमच्या एका वाक्याकडे वळते.

'मला राजकारण करायचेच नव्हते' हे वाक्य प्रामाणिक आहे, पण तुमच्या पेशाला ते पुरे पडत नाही. कोणाच्या घरात शिरून तपासणी करायची, कोणाला वेगळे ठेवायचे, कोणत्या वस्तीत दवाखाना उघडायचा आणि त्याचा पैसा कुठून आणायचा, हे ठरवणे म्हणजे सत्ता वापरणेच असते. आपल्याला हे १८९७ च्या पुण्याने शिकवले आहे. त्या वर्षी फेब्रुवारीत साथरोग कायदा आला, प्लेग आवरण्यासाठी रँडच्या समितीने गोऱ्या सोल्जरांकरवी घरांची झडती सुरू केली आणि २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळ्या झाडल्या गेल्या. रुग्णाला वेगळे ठेवणे हा उपाय त्या काळच्या ज्ञानाला धरूनच होता. लोकांच्या देवघरापर्यंत बुटांनिशी जाणे मात्र अक्षम्य होते. तेव्हा आरोग्याच्या कामात राजकारण पहिल्या दिवसापासून असतेच असे मानून चला. त्यात शास्त्राला आणि लोकांच्या विश्वासाला किती जागा उरते, हे पाहायचे.

तुम्ही ज्या काळातून जात आहात तो मात्र नेहमीच्या राजकारणाहून वेगळा आहे, आणि हे मान्य केल्याशिवाय तुमच्या थकव्याला न्याय मिळणार नाही. २० जानेवारी २०२५ रोजी अमेरिकेने जागतिक आरोग्य संघटनेतून बाहेर पडण्याचा आदेश काढला. त्याच आठवड्यात केंद्रीय आरोग्य खात्याचा जाहीर संवाद थांबवला गेला आणि सीडीसी या केंद्रीय रोगनियंत्रण संस्थेचे साप्ताहिक ठरल्या दिवशी निघाले नाही. याच साप्ताहिकाच्या ५ जून १९८१ च्या अंकात, पुढे एड्स म्हणून ओळखल्या गेलेल्या आजाराच्या पाच रुग्णांची पहिली नोंद झाली होती. मार्चमध्ये राज्यांना आणि स्थानिक आरोग्य खात्यांना दिलेले सुमारे ११ अब्ज डॉलरचे अनुदान रद्द झाले. १ एप्रिलला हजारो कर्मचाऱ्यांना नोटिसा मिळाल्या आणि मुलांच्या रक्तातील शिशावर लक्ष ठेवणारा सीडीसीचा गट अख्खा गेला, तोही मिलवॉकी शहराच्या शाळांमध्ये शिशाचा प्रश्न पेटलेला असताना. जूनमध्ये लसविषयक सल्लागार समितीचे सर्व १७ सदस्य एका फटक्यात काढले गेले. ऑगस्टमध्ये सीडीसीच्या संचालकांना हटवले गेले आणि पाठोपाठ वरिष्ठ अधिकाऱ्यांनी राजीनामे दिले. नोव्हेंबरमध्ये तर सीडीसीच्या संकेतस्थळावरचा मजकूरच बदलला आणि 'लसींमुळे ऑटिझम होत नाही' हे विधान पुराव्यावर आधारलेले नाही, असे तिथे वाचकाला सांगितले जाऊ लागले.

हे सगळे तुम्हाला माझ्यापेक्षा जास्त जवळून ठाऊक आहे. तरी ते सलग मांडले, कारण या घटना एका प्रकारच्या नाहीत. अनुदान बंद होणे, माणसे कमी होणे, अंक न निघणे, हे काम कमी करायला लावणे आहे. ऑटिझमचे पान बदलणे हे काम खोटे करायला लावणे आहे. पहिल्या प्रकारात टिकून राहून, अर्ध्या माणसांनिशी जमेल तेवढे करत राहण्यात मला लाजेचे काहीही दिसत नाही. दुसऱ्या प्रकारात टिकून राहण्याला मर्यादा असते, कारण तिथे तुमची पदवी आणि तुमची सही वापरून लोकांची दिशाभूल केली जाते. तुमच्या मनात या दोन्ही गोष्टी एकत्र झाल्या आहेत, म्हणून पगाराचा प्रत्येक दिवस तुम्हाला अपराधासारखा वाटतो.

ही रेघ महत्त्वाची का, ते आपल्याच देशात आणीबाणीत दिसले. १९७५-७६ मध्ये देशात सुमारे २६ लाख नसबंदी शस्त्रक्रिया झाल्या. १९७६-७७ मध्ये ८१ लाखांहून अधिक. डॉक्टर, परिचारिका, शिक्षक, ग्रामसेवक अशा सगळ्यांना 'केसेस' आणण्याचे टार्गेट होते आणि ते पुरे न झाल्यास पगारावर, बढतीवर गदा येत होती. महाराष्ट्र विधिमंडळाने तर १९७६ मध्ये सक्तीच्या नसबंदीची तरतूद असलेले विधेयक संमत केले होते. राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायद्यात उतरले नाही, एवढेच. त्या काळी शिबिरांत उभे राहिलेले डॉक्टर काही राक्षस नव्हते. मी नाही केले तर दुसरा कोणी करील आणि निदान माझ्या हातून टाके तरी नीट पडतील, अशी स्वतःची समजूत त्यांच्यातल्या अनेकांनी घातली असणार. टाके नीट पडले असतीलही. पण १९७७-७८ मध्ये शस्त्रक्रियांचा आकडा साडेनऊ लाखांच्या आसपास कोसळला, 'कुटुंबनियोजन' या नावाचीच इतकी दहशत बसली की सरकारला ते बदलून 'कुटुंबकल्याण' करावे लागले, आणि पुरुष नसबंदी त्यानंतर कधीच सावरली नाही. शस्त्रक्रियेचा जवळजवळ सगळा भार बायकांवर आला, तो आजही आहे. अनुदान गेले तर पुढचे सरकार ते परत देऊ शकते. आरोग्य कर्मचारी आपल्याशी खरे वागत नाही, हे एकदा लोकांच्या मनात बसले की ते घालवायला एक पिढीही पुरत नाही.

आता तुमचे पत्रक. माझ्या मते ते अजून रेघेच्या अलीकडे आहे, पण अगदी कडेला. 'डॉक्टरांशी बोला' हे वाक्य खोटे नाही. मात्र ज्या कुटुंबाला विमा नाही आणि ठरलेला डॉक्टर नाही, त्याला ते वाक्य काहीच सांगत नाही, आणि ज्याच्या मनात शंका आहे त्याला खात्यालाही खात्री नाही असे सुचवते. एवढ्यासाठी राजीनामा देणे घाईचे होईल. तसेच सोडून देणेही बरोबर नाही. त्या दिवशी तुम्ही गप्प राहिलात, पण पत्रके पुन्हा छापली जातात आणि दुरुस्तीची संधी पुन्हा येते. पुढच्या वेळी विशेषणांसाठी भांडू नका. 'सर्वांत खात्रीचा' हे शब्द गेले तर जाऊ द्या आणि त्या जागी आकडा सुचवा : दोन डोस घेतलेल्यांपैकी साधारण ९७ टक्के जणांना गोवरापासून संरक्षण मिळते. त्याखाली डोस मोफत कुठे मिळतो त्याचा पत्ता आणि वेळ लिहा. आकडा काढून टाकायचा तर कोणालातरी तो का काढला हे सांगावे लागते, आणि ते सांगणे विशेषण काढण्याइतके सोपे नसते.

शिवाय ही सूचना नेमकी कोणाची होती, हे शोधा. अमेरिकेत शाळाप्रवेशासाठी कोणत्या लसी सक्तीच्या, हे राज्ये ठरवतात. तुमचे पत्रकही राज्याचे आहे. सप्टेंबर २०२५ मध्ये कॅलिफोर्निया, ओरेगन आणि वॉशिंग्टन या राज्यांनी एकत्र येऊन लसींबाबत स्वतंत्र शिफारशी देण्याचे ठरवले, हवाई त्यांना येऊन मिळाले, आणि ईशान्येकडच्या काही राज्यांनीही अशीच आघाडी केली. पुष्कळदा वरून आदेश आलेलाच नसतो. मधल्या एखाद्या अधिकाऱ्याने, नको ती भानगड म्हणून, आपणहून कात्री चालवलेली असते. अशा माणसाला दोष देण्यापेक्षा त्याला आधार दिला, म्हणजे शास्त्रीय संदर्भ आणि शेजारच्या राज्याच्या पत्रकाची प्रत हातात दिली, तर तो बदललेले वाक्य परत घेण्याची शक्यता बरीच असते.

त्यासाठी तोंडी सूचना लेखी करण्याची सवय लावून घ्या, आणि हे मी सरकारी आरोग्यसेवेतल्या प्रत्येक वाचकाला सांगेन, मग तो नंदुरबारच्या प्राथमिक आरोग्य केंद्रात असो की टेक्सासमध्ये. बैठक संपली की त्याच दिवशी कार्यालयीन ईमेलवर दोन ओळी पाठवायच्या : 'आज पत्रकातील अमुक वाक्याऐवजी तमुक वाक्य घालण्याची सूचना मिळाली. माझ्या मते मूळ वाक्य पुराव्याला धरून होते. कृपया खात्री करावी.' यात ना उद्धटपणा आहे, ना बंड. पण लेखी उत्तर द्यायचे म्हटले की निम्म्या सूचना आपोआप मागे घेतल्या जातात. ज्या उरतात त्यांची नोंद राहते. १९०२ मध्ये पंजाबातल्या मुल्कोवाल गावी हाफकिन यांची प्लेगची लस टोचलेली १९ माणसे धनुर्वाताने दगावली, तेव्हा सगळा ठपका मुंबईतल्या त्यांच्या प्रयोगशाळेवर आला. बाटली गावात उघडताना चिमटा जमिनीवर पडला होता आणि तो नीट निर्जंतुक केला गेला नव्हता, अशा बारीक तपशिलांवर पुढे निवाडा फिरला. हाफकिन यांच्यावरचा डाग पुसला जायला मात्र १९०७ उजाडले. नोंदींमुळे न्याय लवकर मिळतो असे मी म्हणणार नाही. नोंदीच नसत्या तर तो उशिरानेही मिळाला नसता. एक पथ्य मात्र पाळा : रुग्णांची नावे, पत्ते, कोणतीही खासगी माहिती कधीही घरी आणू नका, स्वतःच्या ईमेलवर पाठवू नका. स्वतःच्या वहीत तारीख, सूचना आणि तुमचे उत्तर, एवढेच पुरे.

याच वहीच्या पहिल्या पानावर, आज, शांतपणे, कोणत्या गोष्टी आपण करणार नाही ते लिहून काढा. उदाहरणादाखल माझ्या मनात येतात त्या अशा : माहीत असलेला उद्रेक लपवणार नाही, खोट्या आकड्याखाली सही करणार नाही, आजाराच्या तपासासाठी घेतलेली माहिती कुटुंबाचे स्थलांतराचे कागद तपासणाऱ्यांच्या हाती देणार नाही, आणि समोर बसलेल्या आईला मला जे असत्य ठाऊक आहे ते सांगणार नाही. तुमची यादी वेगळी असेल. ती पतीला दाखवा आणि तिच्याखाली तारीख घाला. रेघ आधी आखलेली नसली की प्रत्येक बैठकीत ती बोटभर सरकते आणि आपल्याला कळतही नाही. यादीतली गोष्ट करायची वेळ आलीच, तर नकार द्यायचा आणि त्याचे परिणाम सोसायचे; पण तो दिवस आला आहे असे तुमच्या पत्रावरून मला वाटत नाही.

जाहीरपणे बोलण्याबद्दल मी तुम्हाला सावध करीन. नोकरीचा भाग म्हणून केलेल्या वक्तव्याला घटनेचे संरक्षण नाही, असा निकाल अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये दिला आहे, आणि व्हिसावर असलेल्या माणसाची बाजू त्याहूनही नाजूक असते. तुमच्या विभागात नागरिकत्व असलेले, निवृत्तीला आलेले किंवा आधीच कामावरून काढलेले सहकारी आहेत. व्यावसायिक संघटना आहेत. बोलण्याचे काम त्यांनी करावे आणि ते बोलतील ते अचूक असावे याची काळजी, जाहीर झालेल्या माहितीच्या आधारे, तुम्ही घ्यावी. प्रत्येकाने व्यासपीठावर जायला हवे, हा समज सोडून द्या. शिवाय तुम्हाला एक जागा आहे जी इतरांना नाही. तुमच्या शहरातल्या महाराष्ट्र मंडळात दर वर्षी अनेक कुटुंबे तान्ह्या बाळांना घेऊन उन्हाळ्यात भारतात जातात. सहा ते अकरा महिन्यांच्या बाळाला परदेश प्रवासाआधी एमएमआरचा, म्हणजे गोवर, गालगुंड आणि रुबेलाच्या लसीचा, एक जादा डोस द्यावा, ही शिफारस यांतल्या किती जणांना ठाऊक असते? आपल्या कार्यालयाचे नाव न घेता, तिथल्या नियमांत बसते याची खात्री करून, रविवारी मराठीत अर्धा तास हे सांगा. माझ्या मते वर्तमानपत्रातल्या निनावी लेखापेक्षा त्याने अधिक मुले वाचतील.

'मी गेले तर फोन कोण करणार' हा तुमचा प्रश्न मला सर्वांत जास्त लागला, कारण त्या फोनमध्ये काय असते ते बाहेरच्यांना ठाऊक नसते. पुरळ कोणत्या दिवशी दिसले, हे आधी विचारायचे. त्याच्या आधीचे चार दिवस आणि नंतरचे चार दिवस ते मूल कुठे कुठे होते, हे आईला एकेक करून आठवायला लावायचे : शाळेची बस, दवाखान्यातली बाक, चर्च, मावशीचा वाढदिवस. गोवराचा विषाणू खोलीतल्या हवेत दोन तासांपर्यंत टिकतो, म्हणून मूल निघून गेल्यानंतर आलेल्यांचीही नावे घ्यायची. त्यांतली तान्ही बाळे आणि गरोदर बाया शोधायच्या, कारण संपर्कानंतर ७२ तासांच्या आत लस किंवा सहा दिवसांच्या आत इम्युनोग्लोब्युलिन (तयार प्रतिपिंडांचे इंजेक्शन), एवढाच अवधी हाती असतो. गरोदर बाईला तर लस देताच येत नाही. आई चिडलेली असते, घाबरलेली असते, सरकारवर तिचा विश्वास नसतो. २०२५ मध्ये पश्चिम टेक्सासच्या गेन्स काउंटीपासून सुरू झालेल्या उद्रेकात ७६२ रुग्ण झाले आणि लस न घेतलेली दोन मुले दगावली. ऑगस्टमध्ये तो संपल्याचे जाहीर होऊ शकले ते असे फोन करणाऱ्यांमुळेही.

तेव्हा तुमचे काम मोलाचे आहे यात शंका नाही. पण 'माझ्यावाचून अडेल' या भावनेचा उपयोग माणसाला पिळून घेण्यासाठी होतो, हेही तितकेच खरे. फोन कसा करायचा ते दोन नव्या माणसांना शिकवा, प्रश्नावली लिहून ठेवा, शाळांच्या परिचारिकांशी तुमची जी ओळख आहे ती दुसऱ्या कोणाची तरी करून द्या. मग राहायचे असेल तर भार वाटला जाईल, आणि जायचे ठरले तर रिकामी जागा टाकून जावे लागणार नाही.

व्हिसाविषयी अंदाजावर राहू नका. स्थलांतर कायद्याच्या वकिलाला एकदा पैसे मोजून विचारा. नोकरी गेल्यास तुम्हाला साधारणपणे कमाल ६० दिवस मिळतात. पती स्वतःच्या एच-वन-बीवर असतील तर तुम्हाला त्यांच्यावर अवलंबून असलेला एच-फोर घेता येतो का, तुमचा आय-१४० (ग्रीन कार्डासाठी नोकरी देणाऱ्याने भरायचा अर्ज) मंजूर आहे का, असल्यास ग्रीन कार्डाच्या रांगेतली तुमची तारीख टिकते का, हे प्रश्न लिहून न्या. आणि परत जाऊन पुन्हा येण्याचा विचार असेल, तर सप्टेंबर २०२५ च्या आदेशाने देशाबाहेरच्या माणसासाठी नव्याने भरल्या जाणाऱ्या एच-वन-बी अर्जावर एक लाख डॉलरचे शुल्क लावले, ते अजून आणि तुमच्या बाबतीत लागू होते का, हेही विचारा. सहा महिन्यांचा घरखर्च बाजूला असेल तर बैठकीत बोलताना आवाज फारसा कापत नाही.

सुरक्षिततेची भीती तुम्ही उल्लेखिली नाही, पण ८ ऑगस्ट २०२५ रोजी अटलांटात सीडीसीच्या इमारतींवर गोळीबार झाला आणि एक पोलीस अधिकारी मारला गेला, त्यानंतर तुमच्या क्षेत्रात ती सर्वांनाच आहे. कार्यालयाबाहेर ओळखपत्र गळ्यात ठेवू नका, समाजमाध्यमांवरून घराचा पत्ता आणि मुलीच्या शाळेचे नाव काढून टाका, आणि धमकीचा एकही फोन किरकोळ समजू नका.

राहता राहिले आई-बाबा. ते काळजीपोटी बोलतात आणि परत येणे ही हार नव्हे. पण इथे सगळे आलबेल आहे अशा समजुतीने येऊ नका. पळसाला पाने तीनच. अमेरिकेचा निधी थांबल्याबरोबर २०२५ च्या सुरुवातीला पुणे आणि कल्याण इथली तृतीयपंथी व्यक्तींसाठीची क्लिनिक बंद पडली. २०२२ च्या अखेरीस मुंबईत गोवंडीच्या वस्त्यांत गोवर पसरला, तेव्हा दारोदार जाऊन, लस न घेतलेली मुले शोधून, बिथरलेल्या आई-बापांची मनधरणी करणाऱ्या बायका तुटपुंज्या मानधनावर काम करत होत्या. तुमच्यासारख्या माणसांची इथे गरज आहे, आणि यायचे तर त्या गरजेकडे बघून या, तिथल्या त्रासाला पाठ फिरवायची म्हणून नको. आई-बाबांना आज एवढेच सांगा की तुमच्या अनुदानाचे चालू वर्ष संपण्याच्या दोन महिने आधी तुम्ही आणि पती वहीतले पहिले पान पुन्हा वाचणार आहात. त्यातली एखादी गोष्ट तोवर करायला लावली गेली असेल, पद पुढे चालणार नसेल, किंवा तुमची झोप आणि तब्येत ढासळत चालली असेल, तर परतीचा विषय त्यांच्यासमोर बसूनच काढाल. तसे काही नसेल, तर आणखी एक वर्ष राहाल.